‘बाय’ की ‘अन्टिल’? मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च येतं

पॅकहाउस_दिंडोरी (प्रश्न)

नमस्कार. द्राक्षाच्या हंगामात आमच्या पॅकहाउसमधून खरेदीदारांना, कंटेनरवाल्यांना आणि बँकेला इंग्रजीत मेल जातात. जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये काही ना काही मुदत असते आणि वाद तिथेच होतो. ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’, ‘सोमवारपर्यंत पोहोचेल’, ‘३१ मार्चपर्यंत वैध’, ‘पैसे येईपर्यंत थांबू’ या सगळ्याला मराठीत एकच ‘पर्यंत’ पुरतं. इंग्रजीत करायला घेतलं की एक जण ‘बाय’ म्हणतो, दुसरा ‘अन्टिल’.

सध्या ही वाक्यं अडली आहेत:

१) प्लीज सेंड द कार्टन आर्टवर्क अन्टिल फ्रायडे.
२) द कंटेनर विल रीच न्हावा शेवा अन्टिल मंडे.
३) अवर ऑफर इज व्हॅलिड बाय ३१ मार्च.
४) वुई विल नॉट रिलीज द डॉक्युमेंट्स अन्टिल वुई डोन्ट रिसीव्ह द पेमेंट.
५) बाय द ट्रक रीचेस, वुई विल फिनिश द पॅकिंग.
६) ‘वुई विल नॉट लोड अन्टिल थर्सडे’ आणि ‘वुई विल नॉट लोड बाय थर्सडे’ यांत फरक काय?

शिवाय ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटलं की शुक्रवार धरायचा, की गुरुवारी संध्याकाळी मुदत संपली? आणि ‘टिल’ हे ‘अन्टिल’चं छोटं रूप आहे का? पाठ करायला नियम नको, कारण कळलं तर पुढच्या मेलला पुन्हा विचारावं लागणार नाही.


व्याकरण_कॉलेजरोड

‘पर्यंत’ बाजूला ठेवा आणि क्रियापद पाहा.

काही क्रिया काही काळ चालू राहतात: थांबणं, राहणं, काम करणं, ठेवणं, वैध असणं, बंद असणं. काही क्रिया एकदाच होतात आणि झाल्या की संपल्या: पोहोचणं, पाठवणं, कळवणं, सही करणं, पैसे भरणं, संपवणं. ‘अन्टिल’ पहिल्या प्रकाराबरोबर येतं. ही स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालू आहे आणि तिथे ती संपते किंवा बदलते, एवढं ते सांगतं. ‘बाय’ दुसऱ्या प्रकाराबरोबर येतं. त्या वेळी किंवा त्याआधी केव्हाही ही गोष्ट एकदा झाली की पुरे, असा त्याचा अर्थ.

‘शुक्रवारपर्यंत थांबा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ यांत ‘पर्यंत’चे अर्थ वेगळे आहेत, पण मराठीत ते काम क्रियापदच करून टाकतं, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. हिंदीच्या ‘तक’चं तसंच. जर्मन भाषेतही दोन्हीकडे ‘बिस’ हा एकच शब्द चालतो. त्यामुळे जर्मन खरेदीदाराच्या मेलमध्ये ‘प्लीज सेंड अन्टिल फ्रायडे’ दिसलं तर त्याला बहुधा ‘बाय फ्रायडे’ म्हणायचं असतं, हे लक्षात ठेवा. आपल्यासारखीच त्यांचीही गल्लत होते.

शंका आली तर दोन चाचण्या आहेत. इंग्रजी चाचणी: क्रियापदापुढे ‘फॉर टू अवर्स’ लावून पाहा. ‘वेट फॉर टू अवर्स’ जमतं, ‘कीप द बॉक्सेस इन द प्रीकूलिंग चेंबर फॉर टू अवर्स’ (पेट्या माल आधी थंड करायच्या खोलीत ठेवणं) जमतं, म्हणून तिथे ‘अन्टिल’. ‘रीच न्हावा शेवा फॉर टू अवर्स’ जमत नाही, म्हणून तिथे ‘बाय’. मराठी चाचणी: ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून वाक्य म्हणा. ‘उशिरात उशिरा सोमवारी पोहोचेल’ बरोबर वाटतं, म्हणून ‘बाय’. ‘उशिरात उशिरा सोमवारी थांबू’ म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणून ‘अन्टिल’.

आता तुमची पहिली तीन वाक्यं.

पहिल्यात ‘सेंड’ आहे, म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘अन्टिल’ ठेवलंत तर वाचणाऱ्याला ‘शुक्रवार उजाडेपर्यंत आर्टवर्क पाठवतच राहा, मग थांबवा’ असा अर्थ लागतो. दुसऱ्यात ‘रीच’ आहे, म्हणून ‘बाय मंडे’. तिसऱ्यात ‘इज व्हॅलिड’ ही चालू राहणारी स्थिती, म्हणून ‘अन्टिल ३१ मार्च’. तिथलं ‘बाय’ सर्वांत घोटाळ्याचं आहे, कारण त्याचा अर्थ ‘ऑफर आज लागू नाही, ३१ मार्चच्या आत कधीतरी लागू होईल’ असा होतो.

काही क्रियापदं दोन्ही शब्दांबरोबर चालतात आणि तिथे अर्थ पूर्ण पालटतो. ‘बी’ घ्या. ‘आय विल बी इन द ऑफिस अन्टिल सिक्स’ म्हणजे मी आत्ता ऑफिसात आहे आणि सहाला निघणार. ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स’ म्हणजे आत्ता बाहेर आहे, सहाच्या आत पोहोचतो. कुंभमेळ्याच्या कामांबद्दल लिहिताना ‘द ब्रिज विल बी क्लोज्ड अन्टिल २०२७’ आणि ‘द ब्रिज विल बी रेडी बाय २०२७’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. बंद असणं चालू राहतं, तयार होणं एकदा होतं.

तुमच्या कामातलं ‘पॅक’ही असंच आहे. ‘वुई विल पॅक अन्टिल सिक्स’ म्हणजे सहापर्यंत पॅकिंग चालू राहील, किती होईल ते सांगितलेलं नाही. ‘वुई विल पॅक टू थाउजंड बॉक्सेस बाय सिक्स’ म्हणजे सहाच्या आत दोन हजार पेट्या पूर्ण. क्रियापद तेच असलं तरी नेमकी संख्या आली की कामाला शेवट मिळतो आणि ‘बाय’ लागतं. म्हणून नुसत्या क्रियापदांच्या याद्या पाठ करून उपयोग नाही. कर्मासकट पूर्ण क्रिया पाहा.


पॅकहाउस_दिंडोरी

मनापासून आभार. संख्येचा मुद्दा आम्हा कुणालाच सुचला नव्हता. पण मग सहाव्यात अडचण येते. कंटेनर लोड करणं हे एकदा होऊन संपणारं काम. तरी खरेदीदाराच्या मेलमध्ये ‘डू नॉट लोड अन्टिल थर्सडे’ असतं आणि तो इंग्रजच आहे. नियम मोडला का?


व्याकरण_कॉलेजरोड

मोडला नाही. नकार आला की क्रिया उरत नाही, ‘क्रिया न होणं’ ही स्थिती उरते. स्थिती चालू राहते, म्हणून तिला ‘अन्टिल’ चालतं. ‘अराइव्ह अन्टिल थर्सडे’ चूक, पण ‘नॉट अराइव्ह अन्टिल थर्सडे’ बरोबर. गुरुवारपर्यंत न येण्याची स्थिती टिकते, गुरुवारी ती संपते.

म्हणजे ‘द व्हेसल विल नॉट अराइव्ह अन्टिल थर्सडे’ याचं नैसर्गिक मराठी ‘जहाज गुरुवारपर्यंत येणार नाही’ यापेक्षा ‘जहाज गुरुवारीच येईल, त्याआधी नाही’ असं करा. इंग्रजी वाक्य नकारार्थी दिसलं तरी त्यात जहाज येणार ही बातमी आहे. याउलट ‘द व्हेसल विल नॉट अराइव्ह बाय थर्सडे’ म्हणजे गुरुवारची मुदत चुकणार. केव्हा येईल हे त्यात सांगितलेलंच नाही.

तुमच्या सहाव्या वाक्याचा फरक हाच. ‘वुई विल नॉट लोड अन्टिल थर्सडे’: गुरुवारी लोड करू, आधी नाही. ‘वुई विल नॉट लोड बाय थर्सडे’: गुरुवारच्या आत जमणार नाही. पहिल्यात वेळापत्रक आहे, दुसऱ्यात उशिराची कबुली. दुसरं वाक्य पाठवायचं असेल तर नवी तारीखही त्याच मेलमध्ये द्या, नाहीतर खरेदीदार ती विचारणारच.

आता चौथं. मराठी माध्यमातून आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लिखाणात ही चूक सापडते, आणि तिचं मूळ आपल्या वाक्यरचनेत आहे. ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत, तोपर्यंत कागदपत्रं सोडणार नाही’ या मराठी वाक्यात नकार दोनदा येतो आणि दोन्ही जागी तो लागतोच. इंग्रजीत ‘अन्टिल’ ज्या क्षणाकडे बोट दाखवतं तो क्षण होकारार्थीच लिहायचा: ‘वुई विल नॉट रिलीज द डॉक्युमेंट्स अन्टिल वुई रिसीव्ह द पेमेंट.’

मराठीत विचार करायचा असेल तर ‘जोपर्यंत नाही… तोपर्यंत नाही’ सोडून ‘पैसे मिळेपर्यंत कागदपत्रं सोडणार नाही’ या साच्यात करा. ‘मिळेपर्यंत’मध्ये नकार नाही, त्यामुळे इंग्रजी आपोआप बरोबर उतरतं. घरच्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा हीच युक्ती सांगावी. ‘येईपर्यंत’, ‘होईपर्यंत’, ‘सुटेपर्यंत’ अशी रूपं आपल्याकडे तयारच आहेत.

‘अन्लेस’बाबतही हीच चूक होते. ‘अन्लेस यू डोन्ट पे’ नाही, ‘अन्लेस यू पे’. ‘अन्लेस’मध्ये ‘नाही तर’ आधीच भरलेलं आहे. दोघांतला फरक असा, की ‘अन्टिल’मध्ये ती गोष्ट होणार हे धरलेलं असतं, प्रश्न केव्हा एवढाच. ‘अन्लेस’मध्ये ती होईल की नाही हेच ठरलेलं नसतं.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक रचना: ‘नॉट अन्टिल’ने वाक्य सुरू केलं की मुख्य वाक्यातला क्रम उलटतो. ‘नॉट अन्टिल द पेमेंट अराइव्ह्ड डिड वुई रिलीज द डॉक्युमेंट्स.’ उलटापालट पहिल्या तुकड्यात होत नाही, दुसऱ्या तुकड्यात होते. ‘नॉट अन्टिल डिड द पेमेंट अराइव्ह’ असं लिहिलंत की गुण गेले. रोजच्या मेलमध्ये मात्र ही रचना वापरू नये, उगाच भाषण केल्यासारखी वाटते.


सातपूर_शॉपफ्लोअर

वरचा दोन नकारांचा मुद्दा कारखान्यात जास्त गंभीर होतो, म्हणून लिहितो. यंत्राजवळ लावायच्या सूचना बऱ्याचदा आधी मराठीत ठरतात आणि मग इंग्रजीत उतरवल्या जातात. ‘जोपर्यंत स्पिंडल (यंत्राचा फिरणारा दांडा) थांबत नाही तोपर्यंत गार्ड (त्यावरचं संरक्षक झाकण) उघडू नका’ याचं ‘डू नॉट ओपन द गार्ड अन्टिल द स्पिंडल डज नॉट स्टॉप’ झालं, तर ती सूचना शब्दशः निरर्थक आहे. भारतीय माणूस अंदाजाने समजून घेतो. परदेशी ऑडिटर किंवा सर्व्हिस इंजिनिअर तसं समजेल याची खात्री नाही.

बरोबर सूचना: ‘डू नॉट ओपन द गार्ड अन्टिल द स्पिंडल हॅज स्टॉप्ड.’ इथे ‘स्टॉप्स’ही व्याकरणाने चालतं, पण सुरक्षेच्या सूचनेत ‘हॅज स्टॉप्ड’ ठेवा. त्यात थांबणं पूर्ण झालं पाहिजे हे ठसतं. ‘स्टॉप्स’मध्ये वेग कमी होताना हात आत घालायला जागा राहते असं नाही, पण शंकेला जागा राहते, आणि तीही नको.

कामाच्या पायऱ्या लिहिताना ‘अन्टिल’ फार उपयोगी आहे, कारण वेळ न सांगता कुठे थांबायचं हे सांगता येतं. ‘टाइटन द बोल्ट अन्टिल द टॉर्क रेंच क्लिक्स.’ ‘रन द पंप अन्टिल द ऑइल कम्स आउट क्लीन.’ दोन्हीकडे काम सलग चालतं आणि एका खुणेवर थांबतं. तिथे कुणी ‘बाय’ घातलं तर वाक्यच मोडतं.

द्राक्षवाल्यांनाही हेच लागू. ‘कीप द पॅलेट इन प्रीकूलिंग अन्टिल द पल्प टेम्परेचर रीचेस द सेट लेव्हल’ लिहा. गराचं तापमान हाच थांबण्याचा निकष, घड्याळ नव्हे.


एलसी_डेस्क

तारीख धरायची की नाही, याचं उत्तर दोन पातळ्यांवर आहे.

रोजच्या इंग्रजीत ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो. शुक्रवारी कामकाज संपायच्या आत दिलं तरी मुदत पाळली. ‘बिफोर फ्रायडे’मध्ये शुक्रवार नाही, गुरुवारी संपलं. ‘अन्टिल फ्रायडे’ मात्र संदिग्ध आहे. ‘द ऑफिस इज क्लोज्ड अन्टिल फ्रायडे’ म्हटलं की बहुतेक लोक शुक्रवारी ऑफिस उघडेल असं समजतात, म्हणजे शुक्रवार बंदमध्ये धरलेला नाही. ‘द ऑफर इज व्हॅलिड अन्टिल फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवारी ऑफर चालू आहे असं समजतात. शब्द एकच, पण दिवस कधी आत, कधी बाहेर. म्हणून पैशाशी किंवा मालाशी संबंध असेल तिथे ‘अप टू अँड इन्क्लुडिंग ३१ मार्च’ लिहा. ‘बाय’च्या जागी ‘ऑन ऑर बिफोर’ किंवा ‘नॉट लेटर दॅन’ लिहिलं की वाद संपला.

लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) मात्र ही संदिग्धता नियमाने मिटवली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. एलसीमध्ये ‘हे क्रेडिट यूसीपी ६०० च्या अधीन आहे’ असं नमूद असेल तर ते लागतात. त्यातलं कलम ३ सांगतं, की शिपमेंटचा कालावधी ठरवताना ‘टू’, ‘अन्टिल’, ‘टिल’, ‘फ्रॉम’ आणि ‘बिट्वीन’ या शब्दांत नमूद तारीख धरायची. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’मध्ये धरायची नाही. म्हणजे ‘शिपमेंट अन्टिल ३१ मार्च’ असेल तर ३१ मार्चचं शिपमेंट चालतं, ‘शिपमेंट बिफोर ३१ मार्च’ असेल तर शेवटचा दिवस ३० मार्च. त्या यादीत ‘बाय’ हा शब्दच नाही. म्हणून एलसीचा मसुदा तपासायला आला आणि त्यात ‘बाय’ दिसलं, तर ‘नॉट लेटर दॅन’ करून मागा.

एक सापळा ‘फ्रॉम’चा. शिपमेंटच्या कालावधीत ‘फ्रॉम’मध्ये तारीख धरतात, पण हुंडीची देय तारीख मोजताना ‘फ्रॉम’ आणि ‘आफ्टर’ दोन्हींत ती तारीख सोडायची असते. त्याच कलमात दोन्ही आहे, घाईत वाचलं तर उलट मोजलं जातं.

दुसरा सापळा ‘एंड ऑफ मार्च’चा. साध्या मेलमध्ये ‘बाय द एंड ऑफ मार्च’ म्हणजे ३१ मार्चच्या आत. एलसीमध्ये नुसतं ‘एंड ऑफ मार्च’ असेल तर नियमानुसार त्याचा अर्थ २१ ते ३१ मार्च, दोन्ही तारखा धरून. १८ मार्चला माल चढवला तर वेळेआधी चढवला असं ठरतं.

आणि शिपमेंटची तारीख म्हणजे कंटेनर न्हावा शेव्याच्या फाटकातून आत गेल्याची तारीख नव्हे. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर) ‘ऑन बोर्ड’ची, म्हणजे माल जहाजावर चढल्याची, वेगळी नोंद असेल तर त्या नोंदीतली तारीख, नसेल तर बिलाचीच. त्यामुळे ट्रकवाल्याला द्यायची ‘बाय’ची तारीख आणि एलसीतली तारीख यांत जहाजाचा कट-ऑफ (बंदरात माल घेण्याची शेवटची वेळ) आणि चढवण्याचे दिवस सोडावे लागतात. दोन्हीकडे एकच तारीख टाकणं धोक्याचं. शेवटच्या तारखेला सुट्टी आली तर काय, असंही विचारलं जातं. कागद सादर करायची मुदत बँक बंद असल्यास पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. शिपमेंटची शेवटची तारीख मात्र तशी पुढे सरकत नाही.

आता घड्याळ. ‘बाय ५ पीएम’ कुणाचे? हिवाळ्यात रॉटरडॅम आणि हॅम्बर्ग आपल्या साडेचार तास मागे असतात, लंडन साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन आणि साडेचार तासांवर येतो. हा बदल बरोबर आपल्या द्राक्ष हंगामात येतो. रॉटरडॅमचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीत रात्रीचे साडेनऊ, एप्रिलमध्ये साडेआठ. ‘बाय एंड ऑफ डे’ हा प्रकार तर टाळाच, कारण दिवस कुठला ते त्यात नाही. वेळ, शहर, वार आणि तारीख अशी चारही लिहा. वार आणि तारीख दोन्ही असली की टायपिंगची चूक समोरच्याच्या लगेच लक्षात येते.

‘विदिन’बद्दल एवढंच: त्याच्यापुढे कालावधी लागतो, क्षण नाही. ‘विदिन सेव्हन डेज’ बरोबर, ‘विदिन फ्रायडे’ चूक. आपल्याला ‘शुक्रवारच्या आत’ म्हणायची सवय आहे, म्हणून ते सुचतं. तिथे ‘बाय’ घ्या.


गोदाकाठची_मावशी

सगळं पटलं, पण एक विचारते. मेलला उत्तर तर मिळतंच ना? आपल्याकडे ‘अन्टिल फ्रायडे’ लिहिलं तरी सगळे समजून घेतात. एवढं बारीक बघायची गरज आहे का?


व्याकरण_कॉलेजरोड

मावशी, जिथे एकच अर्थ शक्य आहे तिथे समजून घेतात, हे खरं. ‘सेंड अन्टिल फ्रायडे’ निभावून जातं. पण ‘बी’, ‘हॅव’, ‘पॅक’, ‘यूज’ यांच्याबरोबर दोन्ही शब्द बरोबर असतात आणि अर्थ वेगळे निघतात. तिथे वाचणाऱ्याला चूक झालीय हे कळायला मार्गच नाही. ‘यू विल हॅव द चेंबर बाय मंडे’ म्हणजे सोमवारच्या आत तुम्हाला शीतगृहातली खोली मिळेल. ‘यू विल हॅव द चेंबर अन्टिल मंडे’ म्हणजे सोमवारी रिकामी करा. दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत. माल घेऊन सोमवारी दारात उभा राहिलेल्याला फरक कळतो. बारीक बघायचं ते याचसाठी.


मराठीमाध्यम_नाशिकरोड

पाचवं वाक्य राहिलं, ते घेते.

‘बाय’ हे इंग्रजीत फक्त नामाआधी येतं: ‘बाय फ्रायडे’, ‘बाय नून’, ‘बाय द डेडलाइन’. त्याच्यापुढे कर्ता-क्रियापदाचं पूर्ण वाक्य जोडता येत नाही. ‘अन्टिल’ दोन्ही कामं करतं: नामाआधी शब्दयोगी अव्ययासारखं आणि वाक्याआधी उभयान्वयी अव्यय म्हणून. म्हणून ‘अन्टिल द ट्रक रीचेस अस’ चालतं, ‘बाय द ट्रक रीचेस अस’ चालत नाही. तिथे ‘बाय द टाइम’ लागतं. प्रश्नातलं वाक्य असं होईल: ‘बाय द टाइम द ट्रक रीचेस अस, वुई विल हॅव फिनिश्ड द पॅकिंग.’

दोन गोष्टी पाहा. पहिली, गौण वाक्यात ‘विल’ नाही. ‘अन्टिल’, ‘बाय द टाइम’, ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ या सगळ्यांनंतर भविष्याबद्दल बोलतानाही साधा वर्तमानकाळ येतो. ‘अन्टिल द ट्रक विल रीच’ हे मराठीच्या ‘पोहोचेल’मुळे होतं. दुसरी, मुख्य वाक्यात पूर्ण भविष्यकाळ आला, ‘विल हॅव फिनिश्ड’. ट्रक येईल त्या क्षणी मागे वळून पाहिलं तर काम संपलेलं असेल, मराठीतलं ‘झालेलं असेल’. भूतकाळात हेच एक पायरी मागे जातं: ‘बाय द टाइम वुई रीच्ड नाशिक रोड, द पंचवटी एक्स्प्रेस हॅड लेफ्ट.’ आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी गेलेली होती. याच्या शेजारी ‘वुई वेटेड ऑन द प्लॅटफॉर्म अन्टिल द पंचवटी एक्स्प्रेस लेफ्ट’ ठेवून मुलांना दाखवा. पहिल्यात गाडी चुकली, दुसऱ्यात गाडी सुटेपर्यंत आपण तिथेच होतो.

‘टिल’बद्दल. तो ‘अन्टिल’चा संक्षेप नाही. उलट ‘टिल’ हाच जुना शब्द आहे, ‘अन्टिल’ नंतर आला. अर्थ आणि व्याकरण दोन्हींचं एकच, फक्त ‘टिल’ बोलण्यात जास्त आणि औपचारिक लेखनात ‘अन्टिल’ जास्त. वाक्याची सुरुवात शक्यतो ‘अन्टिल’ने करतात. स्पेलिंगमध्ये घोळ होतो तो एवढाच, की ‘टिल’मध्ये शेवटी एल दोनदा आणि ‘अन्टिल’मध्ये एकदा.

‘टिल डेट’ आपल्या ऑफिसांत सर्रास चालतं, पण भारताबाहेर ते ओळखीचं नाही. ‘वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट टिल डेट’ऐवजी ‘वुई हॅव नॉट येट रिसीव्ह्ड द पेमेंट’ लिहा. ‘अन्टिल नाऊ’ही जपून वापरावं. त्यात ‘आतापर्यंत असं होतं, आता बदललं’ असा सूर येतो.

आणि प्रत्येक ‘पर्यंत’ या दोघांतच बसवू नका. ‘नाशिकपासून निफाडपर्यंत’ हे अंतर आहे, तिथे ‘फ्रॉम नाशिक टू निफाड’. ‘पाचशे किलोपर्यंत’ ही मर्यादा आहे, तिथे ‘अप टू’, आणि ते दोन वेगळे शब्द म्हणून लिहायचे. भावाच्या बाबतीत तर ‘बाय’चा अर्थच निराळा: ‘रिड्यूस्ड बाय टेन रुपीज’ म्हणजे दहा रुपयांनी उतरला, ‘रिड्यूस्ड टू टेन रुपीज’ म्हणजे दहा रुपयांपर्यंत उतरला. लासलगावच्या कांद्याच्या भावाबद्दल लिहिताना या एका शब्दाने बातमी बदलते.


पॅकहाउस_दिंडोरी

सर्वांचे आभार. वरचं सगळं समोर ठेवून नवा मसुदा केला आहे. एकदा नजर टाकाल का?

‘प्लीज सेंड द अप्रूव्ड आर्टवर्क बाय ५ पीएम इंडियन टाइम ऑन फ्रायडे, ६ मार्च. वुई विल नॉट स्टार्ट पॅकिंग अन्टिल वुई रिसीव्ह इट. द कंटेनर विल बी अॅट न्हावा शेवा अन्टिल मंडे, ९ मार्च. द प्राइस इज व्हॅलिड अन्टिल ३१ मार्च.’


व्याकरण_कॉलेजरोड

पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी जाऊ द्या. तिसऱ्यात तुम्हाला ‘सोमवारच्या आत पोहोचेल’ म्हणायचं आहे ना? ‘विल बी अन्टिल मंडे’ म्हणजे कंटेनर आधीपासून बंदरात आहे आणि सोमवारी तिथून हलणार. ‘बाय मंडे, ९ मार्च’ करा, किंवा ‘बी’ काढून ‘विल रीच न्हावा शेवा बाय मंडे, ९ मार्च’ लिहा, म्हणजे शंकाच नको. शेवटच्या वाक्यात ‘अन्टिल’ बरोबरच आहे, पण भाव असल्यामुळे एलसी_डेस्क म्हणतात तसं ‘अप टू अँड इन्क्लुडिंग ३१ मार्च’ करून पाठवा.